वाढत्या अंगाची पेटी

आमची अक्का, म्हणजे मालकांची थोरली बहीण, वाजवून पाहिल्याशिवाय काही घेत नसे. पूर्णेच्या बाजारात मडकं असो की टरबूज, बोटाचं पेर मारून कान लावायची. कुंभार वैतागायचा, "अक्का, घागर घ्यायची का नुसती वाजवायची?"

"वाजंल तीच घ्यायची."

जिभेची तिखट होती. माझं तिचं फारसं पटत नसे, हे आधीच सांगून टाकते.

माझी सुमी पाच वर्षांची झाली. परात, डबा, दार, दिसेल ते बडवायची. मालकांनी ठरवलं, पोरीला पेटी शिकवायची. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एस.टी.चा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही चौघं रेल्वेने परभणीला गेलो.

दुकानात मालकांनी सगळ्यात मोठी पेटी काढायला लावली. अक्काने सुमीला तिच्यापुढे बसवलं. एक हात भात्याला पोचला की दुसरा पट्ट्यांवरून सुटायचा.

"दत्ता, हिची मान बघ. कोंबडीवाणी ताणायलीय."

"वाढंल की उद्या," मालक म्हणाले.

"पेटी हाय का झगा, वाढत्या अंगाची घ्यायला?"

मी सुमीच्या झग्याची लोंबती बाही वर सारली. सुमीचे सगळे झगे मीच ढगळ शिवायची.

अक्काने एक लहानशी ढोलकी उचलली, पेर मारून ऐकली आणि सुमीच्या मांडीवर ठेवली. सुमीचे हात दोन्ही बाजूंना नीट बसले. मग ती ढोलकी सोडीचना.

"पोरीच्या जातीला ढोलकी? लोक हसतील, अक्का," मालक म्हणाले.

"हसू दे. हसता हसता ठेका धरतील."

मालकांनी ढोलकी घेतली, पण घरी येताच सुमीला बजावलं, चार माणसांत वाजवायची नाही.

पहिला ठेका अक्काने चुलीपुढे शिकवला. मी भाकरी थापत होते. "आईचे हात बघ, तसं वाजीव. घाई केली की भाकर फाटती." माझ्या हातांत काही शिकण्यासारखं आहे, असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं.

काही वर्षांनी अक्का गेली. शेवटच्या दुखण्यात औषधाची बाटलीसुद्धा ठोकून बघायची. तेराव्याच्या भजनाला ढोलकीवाला आलाच नाही. टाळकरी दाराकडे बघत बसले. तेव्हा मालक उठून आत गेले आणि ढोलकी आणून सगळ्यांसमोर सुमीच्या मांडीवर ठेवली.

कुणी हसलं नाही. टाळ तिच्या ठेक्यावर चालले.

भजन संपलं तरी मालक तिच्या आखडलेल्या कोपरांकडेच बघत होते. म्हणाले, "हिला लहान पडायलीय ही. परभणीला जाऊ. वाजवून बघून घेऊ."