बंद लॅपटॉपमधून आलेला माझा आवाज

भुतं, कौल, साक्षात्कार... असल्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणारा माणूस. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. चालत नाही म्हणजे काहीतरी कारण आहे आणि ते सापडतं, एवढीच माझी श्रद्धा.

म्हैसूरला चामराजपुरममध्ये आम्ही दोघंच – मी आणि आई. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणं ही माझी नोकरी. आईला शुगर. जेवणाआधीची गोळी ती हमखास विसरायची, म्हणून घरच्या जुन्या लॅपटॉपवर मी रोज ठरल्या वेळी आपोआप चालणारा शेड्यूल्ड टास्क लावला. दुपारी माझा रेकॉर्ड केलेला आवाज येई – "आई, गोळी घे." एरवी माझं एक ऐकत नाही, पण लॅपटॉपचं निमूट ऐकायची.

मधूनच टास्क चालेना. बरंच डोकं खाजवल्यावर कळलं, आई डोशाचं पीठ वाटायला लॅपटॉपचा प्लग काढून ग्राइंडर लावते, आणि बॅटरीवर टास्क सुरू होऊ नये अशी सेटिंग आहे. ती मी काढून टाकली. विषय मिटला.

त्या दिवशी काम लवकर आटोपलं म्हणून दुपारी घरी आलो. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शैलजम्मा भेटल्या. "इवत्तु रजाना?" आज सुट्टी का, म्हणाल्या, तुमचा आवाज आत्ताच वरून आला, किती मोठ्याने बोलत होतात. लॅपटॉप असेल, म्हणून मी हसलो.

वर आई भिंतीला टेकून बसलेली. घामाने चिंब, मुठीत गोळी. शुगर तपासली तर भलतीच खाली. घाईघाईने साखरपाणी पाजलं.

"जेवली नाहीस?"

"एकादशी रे. डॉक्टरांनी उपास नको म्हटलंय, तू ओरडशील, म्हणून बोलले नाही." जरा सावरल्यावर म्हणाली, "गोळी तोंडात टाकणारच होते. तूच सांगितलंस, अल्वा, हो ना? 'आई, उपास आहे, गोळी घेऊ नको' म्हणून. तुला कुणी सांगितलं?"

मी उठून लॅपटॉपकडे गेलो.

लॅपटॉपचा प्लग जमिनीवर पडलेला. बॅटरी पार उतरलेली. चार्ज करून हिस्टरी उघडली, तर त्या दिवशी टास्क चाललाच नव्हता. रेकॉर्डिंग तेच – "आई, गोळी घे."

डॉक्टर म्हणाले, शुगर आधीच उतरलेली, त्यात ती उतरवणारी गोळी उपाशीपोटी गेली असती तर...

आई म्हणते, विठ्ठल. मी मात्र कारण शोधतो. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं, कारण सापडलं नाही. त्या दुपारी आईशी कोण बोललं, मला माहीत नाही. आवाज माझाच होता, असं त्या दोघी अजून शपथेवर सांगतात.