लॅपटॉपखालचा तळहात
लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला आणि गरम धुळीचा वास आला, की मला रायपूरचं ते दुकान आठवतं. मी हॉस्टेलला निघायच्या आदल्या आठवड्यात बाबा मला तिथं घेऊन गेले. ते शहराजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये मोटरी दुरुस्त करायचे. ड्यूटीवरून तसेच आलेले, शर्टावर लोखंडाची काळी धूळ. काउंटरवर दोन लॅपटॉप होते, एक नवा आणि एक जुना, दुरुस्त करून विकायला ठेवलेला. बाबांना जड जाऊ नये म्हणून मी जुन्याकडे बोट दाखवलं. "भैया, थोडी देर चलने दो," म्हणत बाबांनी मिलमधल्या मोटरीला लावावा तसा त्याच्या खाली तळहात लावला आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. "मस्त चालून राहिला," ते म्हणाले, आणि दुकानदाराला नवा बांधून द्यायला सांगितलं. "काहून बाबा?" मी विचारलं. "जुन्याले रोज हात लावून पाहणारं कोणी लागते, पोट्टी. तिथं मी थोडीच राहीन?" तो नवाही आता चांगलाच जुना झालाय. पंखा घरघरला की मी खाली तळहात लावते. मला त्यातलं काही कळत नाही, तरी हात काढवत नाही.