जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं उत्तर

संगमनेरला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला असताना आम्ही प्रॅक्टिकल करण्याआधीच त्याचं उत्तर लिहून मोकळे व्हायचो. सीनियरचं जर्नल आणायचं, उतरवायचं, मगच परीक्षानळीला हात लावायचा. सरांनाही तेच सोयीचं होतं.

लघवीतली साखर तपासायच्या दिवशी मी माझ्या पार्टनरच्या जर्नलमध्येही 'साखर: नाही' असं लिहून टाकलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहिणं माझ्याकडे. नमुना मात्र तिचा. मला किळस यायची आणि ती भिडस्त, त्यामुळे असली कामं मी खुशाल तिच्या गळ्यात घालायचे. नमुन्यात तपासणीचं निळं रसायन घालून नळी तापवली आणि ते विटेसारखं तांबडं झालं. म्हणजे साखर होती, आणि भरपूर होती.

"नळी नीट धुतली नसेल," सर म्हणाले आणि दोघींच्या जर्नलवर सही करून पुढे गेले.

"अगं, परत करून बघूया का?" तिनं मला विचारलं.

मला सगळं कळत होतं. आदल्याच आठवड्यात आम्ही मधुमेहाची लक्षणं पाठ केली होती. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं. ती बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायची, तासाला दोनदा बाहेर जायची, आणि आम्ही तिला 'टाकी' म्हणून चिडवायचो. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. पण परत करायचं म्हणजे खाडाखोड, पुन्हा सही, आणि माझी पाचची बस चुकणार.

"नसते उद्योग नकोत," मी म्हणाले आणि नळी बेसिनमध्ये ओतली.

तीन आठवड्यांनी उलट्या होऊन ती बेशुद्ध पडली. दोन दिवसांत गेली. साखर प्रचंड वाढली होती, डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर तिचे वडील तिच्या वह्या न्यायला कॉलेजात आले. गावच्या डेअरीवर ते दुधाचं फॅट तपासायचे. रजिस्टरवर सही असली की त्यांच्या लेखी ती नोंद खरी. जर्नलचं ते पान त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"पोरी, हे बग. माझ्या लेकीला शुगर न्हवतीच. हितं सरांची सही हाय. डाक्टर लबाड बोलला. तूच सांग, खरं हाय ना हे?"

"हो काका," मी म्हणाले, "खरं आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डॉक्टरला जाब विचारायला निघाले. मी त्यांना थांबवलं नाही.