कॅसेटची बारी

चिखलीच्या स्टँडवर बाबांनी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि मग बराच वेळ ते त्या पेटीकडेच बघत राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. आई म्हणाली, "तिकडं बोलत जाय माय. नाही तर लोक मुकी समजतीन." लग्नाला चार महिने झाले होते. यांना पुण्याला कंपनीत काम लागलं होतं आणि हे आत जागा धरून बसले होते.

गाडी सुटायच्या आधी कमल धावत आली. शेजारच्या घरची, माझ्याच वयाची. तिने ब्लाउजपीसात गुंडाळलेली कॅसेट माझ्या हातात दिली.

"सहा महिन्यानं माही बारी," ती म्हणाली. "इसरू नको वं सिंधे."

बारी हा शब्द आमच्याकडे साधा नाही. आमची आणि काकांची विहीर एक होती. तीन दिवस मोटर आमची, तीन दिवस त्यांची. वांगी सुकून माना टाकत असली तरी बाबा काकांच्या बारीत बटणाला हात लावत नसत. "दुसऱ्याच्या बारीतलं पाणी झाडाले लागत नाही," असं म्हणायचे. हे ऐकत मी मोठी झाले.

ती कॅसेट आम्ही दोघींनी मिळून भरून घेतली होती. तेव्हा चिखलीत एक दुकान होतं. कागदावर गाण्यांची यादी द्यायची, पुढच्या बाजाराच्या दिवशी भरलेली कॅसेट घ्यायची. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला बाहेरगावी कोण पाठवणार, म्हणून सगळ्याच पोरी चौथीनंतर शेतात आल्या. पण माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून गल्लीतल्या पोरींच्या याद्या मीच लिहायचे. गाण्यांची खरी नावं आम्हाला ठाऊक नसायची. मी लिहायचे, "रुसलेल्या बाईचं", "ज्यात बासरी आधी वाजते ते", "मामाच्या लग्नातलं, दुसऱ्या दिवशीचं".

दुकानदार यादी वाचून कपाळाला हात लावायचा. "मामाच्या लग्नाले मले बोलावलं होतं काय वं?"

मी खाली मान घालायचे. कमल म्हणायची, "बोलावलं असतं तर जेवाले पयले आले असते. गाऊन दाखवते, लिहून घ्या." आणि भर दुकानात गायची.

आमच्या कॅसेटची एक बाजू तिच्या गाण्यांची होती, एक माझ्या. माझ्या बाजूला शेवटी थोडी जागा उरली. दुकानदार म्हणाला, अर्धं गाणं भरून देतो. कमल म्हणाली, अर्धं नको, राहू द्या कोरी. घरी येऊन तिच्या भावाच्या टेपवर तिने लाल बटण दाबलं. ती बाजू मला अजून पाठ आहे. गाणं संपतं, खट्ट आवाज होतो, मग कमल म्हणते, "हं, आता सिंधू बोलन." मग काहीच नाही. लांब कुठेतरी मोटर चालू आहे. "बोल ना वं." परत काहीच नाही. कोंबडी ओरडते. "अवं, बोल ना काही. तू गेल्यावर मी काय ऐकू?" मग तिचं हसू, आणि खट्ट.

मी तोंडावर पदर धरून बसले होते. 

पुण्यात आमची खोली पत्र्याची होती, आता तिथे सोसायटी झाली आहे. हे सकाळी शिफ्टला जायचे. पहिल्याच आठवड्यात नळावर मी म्हणाले, "मले दोनच हंडे पाह्यजे," तर बायका हसल्या. वाईट नव्हत्या. एक तर नंतर माझी चांगली मैत्रीण झाली. पण त्या दिवसापासून रोज कोणीतरी "मले" म्हणायचं आणि बाकीच्या हसायच्या. मी बोलणंच कमी केलं. दुपारी दार लावून यांचा जुना टेप लावायचे आणि माझी बाजू शेवटपर्यंत जाऊ द्यायचे. "बोल ना वं." दिवसभरात माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारं तेवढंच एक होतं.

सहा महिने झाले. कमलचं लग्न ठरलं, सुलतानपूरला. तिचं पोस्टकार्ड आलं, "माझी बारी आली. सासरी जाताना मला कॅसेट पाहिजे. कोणी येत असेल त्याच्या हाती दे."

गावाकडचा एक जण निघालाही होता. मी कॅसेट त्याच ब्लाउजपीसात बांधली. मग सोडली. मग यांच्याकडून एक कार्ड मागून घेतलं आणि लिहिलं की कॅसेट मशीनमध्ये अडकली, फीत तुटली, टाकून द्यावी लागली.

तिचं उत्तर आलं, "जाऊ दे. मशीनच ते. तुझ्या हाताला तर लागलं नाही ना?"

ते कार्ड मी पुन्हा वाचलेलं नाही, आणि फाडलेलंही नाही.

नंतर सगळं होत गेलं. मुलगी झाली, तिचं शिक्षण झालं. मी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले, अजून जाते. आता मला "मला" म्हणता येतं. गावी गेले की आईच म्हणायची, "आमची सिंधू पुनेरी झाली." कमल लग्नाकार्यात भेटायची. दोन-तीनदा तिनेच विषय काढला, "काय कॅसेट होती वं आपली." मी पाण्याचा तांब्या आणायला आत जायचे. टेप बिघडला की मुलगी म्हणायची, आई, मोबाईलमध्ये सगळी गाणी आहेत. खरंच आहेत. पण मी टेपचा रबरी पट्टा बदलून घ्यायचे.

दोन वर्षांपूर्वी मंदाने ग्रुप काढला. मंदा आमच्याच गल्लीतली, आता सुरतला असते. ग्रुपमध्ये सगळ्या आमच्या गावच्या लेकी, कोणी नाशिकला, कोणी अजून गावातच. दर रविवारी जिने-तिने सांगायचं, सध्या कोणता अल्बम ऐकून राहिली. कोणी भजनांचा टाकते, कोणी कव्वालीचा. मंदाने सुनेकडून घेऊन गुजराती गरब्याचा टाकला तर आठवडाभर सगळ्या तोच ऐकत होत्या. मी फक्त अंगठा दाखवायचे. दर रविवारी कमल विचारायची, "सिंधे, तू काय ऐकून राह्यली?" मी हात जोडलेलं चित्र पाठवायचे. काय सांगणार? मी खरं सांगितलं असतं तर एकच कॅसेट सांगावी लागली असती, आणि ती तर तुटली होती.

बाबा आधीच गेले होते. या उन्हाळ्यात आई गेली. दहाव्याला कमल सुलतानपूरहून आली, चार दिवस राहिली, मी जेवले नाही तर मला तिच्या हाताने भरवलं. निघताना म्हणाली, "आता तुह्या माहेरी कोणी नाही असं नको समजू. मी हाव ना." कॅसेटचं मी तेव्हाही सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर मला बाबांचं विहिरीवरचं बोलणं आठवलं, आणि मग पुण्यापर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या रविवारी तिने परत विचारलं. मी ग्रुपवर नाही, तिला एकटीला लिहिलं. एक ओळ लिहायला सगळी दुपार गेली. "कमे, कॅसेट तुटली नव्हती. तीच ऐकते. माझ्याकडेच आहे."

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मेसमध्ये माझ्या पोळ्या करपल्या. मला वाटलं, गेलं. आई गेली, आता हेही गेलं.

बुधवारी तिचा आवाज आला, मोबाईलवर. "तीन दिवस लय राग आला होता मले. लग्नात रडून राह्यली होती ना मी, लोकाइले वाटलं माहेर सुटलं म्हणून. निम्मं त्या कॅसेटीसाठी होतं." आणि मग, "तुले तिकडं इतकं एकटं वाटत होतं तर सांगायचं होतं ना वं. मीच म्हटलं असतं ठेव. आता पाठव. बारी माही आहे."

सुलतानपूरकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल घेतात. पण बांधायच्या आधी मला एक काम होतं. मी माझी बाजू लावली. तिचं हसू संपलं, खट्ट झालं, आणि पुढची थोडी कोरी फीत सुरू झाली. जरा आधी दाबलं असतं तर तिचाच आवाज पुसला असता. दोनदा मागे घेतली. तिसऱ्यांदा लाल बटण दाबलं आणि बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. "मले" म्हणाले, एवढं लिहिते.

ब्लाउजपीस तोच आहे, रंग गेलाय. टेपवर आता कपडा टाकून ठेवलाय. दुपारी हात तिकडे जातो. घर सोडून आले तेव्हा कॅसेटबरोबर घरही आणलं असं वाटत होतं, आणि ते मी कोणाला देत नव्हते. आता ते सुलतानपूरला आहे, दिवाळीनंतर माझ्याकडे येईल.

काल रविवार होता. मंदाने विचारलं, सध्या कोण काय ऐकतं? मी ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं.

"सध्या काही नाही. कमलची बारी आहे."