गेटापर्यंत जाऊन बघणारे नागनाथअण्णा

गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय नागनाथअण्णा भोंग्यावर तिचं नाव घेत नसत. सीमेजवळ, कर्नाटकातल्या औरादच्या बसस्टँडवर ते कंट्रोलर होते. मागच्या स्टँडवरून फोन यायचा, उदगीरची गाडी सुटली म्हणून. अण्णा फोन ठेवायचे, चपला घालायचे आणि गेटापर्यंत चालत जायचे. गाडीचा बोर्ड वाचून परत आले की मराठी, कन्नड आणि दखनी उर्दूत पुकारा. लोक वैतागायचे, कारण तोवर गाडी भरलेलीही असायची आणि अण्णा तिच्यापुढे शांतपणे तिचंच नाव सांगत राहायचे.

मी त्यांच्या समोरच्या घरातली. दोन वर्षं उदगीरला कॉलेजला गेले ती त्यांच्या भरवशावर. त्यांना मुलगी नव्हती, मला वडील नव्हते. हे आम्ही कधी एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

ते रिटायर झाले आणि गल्ली त्यांच्याकडे मोबाईल घेऊन यायला लागली. मेसेज इंग्रजीत, नाहीतर कन्नडमध्ये. कन्नड सगळ्यांना बोलता यायचं, वाचता फार थोड्यांना. एकदा शेजारच्या कलावतीबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. आज वीज कापणार, खालच्या नंबरवर बोला, असा मेसेज होता. बाईंचं बोट नंबरवर टेकलंच होतं.

"कामून हात लावायलीस? नंबर बी त्यांनीच दिलाय, त्यो त्यांचीच री ओढंल. चल, चपला घाल."

भर उन्हात दोघं वीज ऑफिसात गेले. असा मेसेज आमचा नाही, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. परतताना बाई म्हणाल्या, "अण्णा, खोटा हाय ते तुमाला घरीच ठावं होतं की."

"व्हय. पण नुसतं खोटं म्हणून बसलं तर एखादी खरी गाडी बी चुकती, माय."

हे मला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, एकदा नाही, ढीगभर वेळा.

पुढे मी कलबुर्गीच्या शाळेत लागले. अण्णांचे किस्से सांगून वर्गातल्या मुलांना सावध करायचे आणि त्यात माझी थोडी फुशारकीही असायची. गेल्या वर्षी एका दुपारी तास संपवून आले तर अनोळखी नंबरवरून एक मिस्ड कॉल होता आणि खाली मेसेज. नागनाथअण्णा सीरियस आहेत, कलबुर्गीलाच दवाखान्यात आणलंय, लगेच या किंवा ह्या नंबरवर बोला. असले मेसेज तेव्हा बरेच फिरत होते. मी तो स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. "बघा, नावसुद्धा शोधून काढलंय," म्हटलं, नंबर ब्लॉक केला आणि पेपर तपासायला बसले. सुट्टीत अण्णांना सांगू, खूश होतील, असंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा, सरोजाचा फोन आला. अण्णा आदल्या दिवशी गेले होते. दवाखाना माझ्या शाळेपासून पायी दहा मिनिटांवर होता. धावपळीत सरोजाचा आणि अण्णांचा, दोन्ही फोन घरी राहिले होते. मेसेज शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मोबाईलवरून केलेला. माझा नंबर अण्णांना पाठ होता.

"तुमचा रिप्लाय न्हाई म्हणून मी रडायलते, अक्का," सरोजा म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "तर मामाच म्हणाले, अनोळखी नंबर हाय, पोरगी कशी इश्वास ठेवंल? बरोबर करायली ती. पण गेटापर्यंत येतीच बघ. मग मामा दाराकडंच बघायलते."

मला रडू आलं नाही. उरलेले पेपर मी त्याच दिवशी तपासून दिले. अजूनही नीट रडू येत नाही, आत सगळं बधिर आहे. मुलांना आता मी किस्से सांगत नाही.

अण्णांचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर होता. घरी राहिलेला त्यांचा मोबाईल घेऊन कलावतीबाई दोन दिवस अण्णांच्या ओट्यावर बसून होत्या. मी लावला असता तर बाईंनी लगेच उचलला असता.