जिन्यावर बसलेल्या मुली

"भीती वाटते? वाटू दे. बसून राहा." आमचे खेळाचे सर दिवसातून दहा वेळा हे म्हणत, तेही शिट्टी दातांत धरून.

मुलांनो, इथल्या हादऱ्यांबद्दल मी तुम्हाला फोनवर कधी नीट सांगितलं नाही. २०१८च्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडची जमीन अधूनमधून हलू लागली. तेव्हा मी तलासरीच्या एका हायस्कुलात पर्यवेक्षिका होते.

सर वाणगावहून मोटारसायकलने येत. मुलींचा खो-खोचा संघ त्यांच्याकडे होता. खो मिळण्याआधी एखादी उठली, की सगळ्या पुन्हा उन्हात उकिडव्या.

"सर, जमीन हलली तर?" एकीने विचारलं.

"जमीन खो देते का? मग उठायचं नाही."

मुली हसल्या. मला हसू आलं नाही.

एका मुलीची आई भेटायला आली. "बाई, पोर लंगडत घरी येते. पळवायचं सोडून नुसतं बसवून ठेवतात. हा कसला खेळ?"

मला पटलं. सरांची नेमणूक वर्षापुरती होती. 'वागणूक कठोर, मुदत वाढवू नये,' असा अहवाल मी व्यवस्थापनाला पाठवला. सरांनाही दाखवला.

"खरंच लिहिलंय, बाई," एवढंच म्हणून ते मैदानावर गेले.

फेब्रुवारीत, दुसऱ्या तासाला, मोठा हादरा बसला. आधी अंगावर ट्रक आल्यासारखा आवाज, मग फळा भिंतीवर आपटू लागला. मी वरच्या मजल्यावर नववीच्या वर्गात होते. "बेंचखाली!" एवढंच ओरडता आलं. हलणं थांबलं आणि चारही वर्ग एकदम जिन्याकडे धावले. जिना अरुंद, दोघं जेमतेम मावतील असा. मागून रेटा वाढला. कुणाची तरी चप्पल माझ्या पायाखाली आली. आता मुलं चेंगरणार, असं वाटलं.

खालून शिट्टी वाजली. "बसा!"

गर्दीत विखुरलेल्या संघातल्या मुली होत्या तिथे बसल्या. त्यांना बघून बाकीची मुलंही बसत गेली. माझेही गुडघे आपोआप वाकले.

सर वर आले. एकेकाच्या पाठीवर हात ठेवत, "खो... खो..." ज्याला खो मिळेल तो उठून चालत खाली जाई. शेवटी माझ्यासमोर येऊन, हात न लावता, ते अदबीने म्हणाले, "बाई, खो."

बाहेर आल्यावर ते झाडाखाली बसले.

"बसल्या नसत्या तर, बाई?"

मी वळून मुलं मोजू लागले.

अहवाल मागे घ्यायचं मी रोज ठरवत होते. पण 'मग अहवाल लिहिताना तुम्ही काय पाहिलंत?' असं कुणी विचारेल, याची मला धास्ती वाटली. जूनमध्ये सर आले नाहीत.

आली ती त्याच मुलीची आई. "ते बसवणारे सर कुठं गेले, बाई? आता हादरा आला तर पोरींना कोण बसवणार?"

मी नजर चुकवून वर पाहिलं. वीज नव्हती, वारा नव्हता. पंखा मात्र किंचित हलत होता.