तो आवाज फक्त सकाळीच यायचा

माझे मिस्टर गेले, त्यानंतर ज्याने त्याने मला गाडी विकून टाकायला सांगितलं. ते एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. गाडी रोज त्यांच्याबरोबर जायची-यायची, आणि शनिवारी आम्ही दोघं मनमाडजवळ त्यांच्या गावी जायचो. गाडी चालवायला मी शिकले ती त्यांच्याच हट्टामुळे. विकली नाही, कारण ती खाली उभी असली की घरात कुणीतरी आहे असं बाहेरून वाटतं.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. शाळा इतकी जवळ, की रिक्षावालेही तोंड वाकडं करतात. तरी मी गाडी नेते. इंजिन नीट तापायच्या आत शाळेचं फाटक येतं. संध्याकाळी तेवढाच रस्ता उलटा. वाटेत भाजी घेतली की दिवस संपला. लेक बंगळुरूला नोकरी करते, तिचा फोन रविवारी येतो.

मागच्या थंडीत एका सकाळी किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून खडखड आवाज आला. पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे घालून कुणी हलवावा तसा. मी दचकून हात मागे घेतला, तोवर तो थांबलाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच. शाळा सुटल्यावर, उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करताना मात्र काही नाही.

अशा वेळी माणूस शेजारच्याला विचारतो, ‘ऐकलंस का?’ माझ्या शेजारच्या सीटवर माझी पर्स होती.

मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून लेकीला पाठवला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, ‘मला तर नेहमीसारखाच वाटतोय गं. गॅरेजला दाखव ना.’

मिस्टर ज्यांच्याकडे गाडी द्यायचे, त्याच मेकॅनिककडे मी गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, गाडी बंद केली, सुरू केली, कान लावला.

“ताई, गाडी एकदम ओके हाय.”

“अहो, सकाळी येतो आवाज. इथे येईपर्यंत जातो.”

“मग जाऊ द्या ना त्याला,” ते हसून म्हणाले.

मीही हसले आणि घरी आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. पुन्हा काही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर आता ती जास्तीची नम्रता होती, जी लोक मिस्टर गेल्यापासून माझ्याशी बोलताना आणतात. मला स्वतःचाच संशय यायला लागला. एकटीच राहते म्हणून भलतंसलतं ऐकू येतं, असं कुणी म्हणेल की काय. तिसऱ्यांदा जायचं ठरवून दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. शेवटी फोन केला.

मेकॅनिक म्हणाले, “असं करू, ताई. उद्या सकाळी गाडी सुरूच करू नका. मी गॅरेज उघडायच्या आधी तुमच्याकडं येतो.”

त्या सकाळी मी लवकर उठले. कपाटातला चांगला कप काढून धुतला. घरी कुणी चहाला येऊन किती दिवस झाले होते, ते आठवेना. मेकॅनिक स्वेटर घालून, मफलर गुंडाळून आले. खाली उभं राहून म्हणाले, “चहा नंतर. आधी किल्ली फिरवा.”

मी फिरवली. खडखड झाली आणि थांबली.

बॉनेटवर वाकलेले ते सरळ झाले. “हाय, ताई. आवाज हाय. तुमचं बरोबर होतं.”

एवढ्याशा वाक्याने माझे डोळे भरून आले. मी पदराने पुसले, आणि थंडीने पाणी येतंय म्हणाले.

वर चहा घेताना त्यांनी मला समजावलं. इंजिनात वर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, खाली पिस्टन चढतात-उतरतात. दोघांची वेळ जुळवते ती टायमिंग चेन. काही गाड्यांना तिच्या जागी रबरी पट्टा असतो. तो गाडी नुसती उभी असली तरी वयाने कडक होतो, चिरतो, आणि बऱ्याचदा काही न सांगता तुटतो. चेन तशी टिकाऊ, पण तिला स्वच्छ ऑईल लागतं. घाण ऑईलने कड्यांचे सांधे झिजतात आणि चेन सैल पडते. तिला ताणून धरणारा टेन्शनरही ऑईलच्या दाबावरच चालतो. रात्रभरात ऑईल खाली उतरतं, सकाळी दाब यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात सैल चेन आपटते.

“ऑईल कधी बदललं होतं?”

“हे असतानाच बदललं होतं. पण त्यानंतर गाडी चाललीच कुठे?”

“तेच तर. थोडं थोडं चालवणं लय वाईट. इंजिन तापत नाही, पेट्रोल आणि पाणी ऑईलात उतरतं. किलोमीटर झाले नाही तरी वर्षाला ऑईल बदलायचं.” मग कप खाली ठेवत म्हणाले, “माझंही चुकलं. पहिल्याच दिवशी गाडी रात्रभर ठेवून घ्यायला पाहिजे होती.”

गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरून सरकते, तिच्यात खोल चर पडले होते आणि एक टोक तुटलं होतं. तुकडे खाली ऑईलमध्ये सापडले. अजून थोडे दिवस गेले असते, तर चेन चाकाच्या दातांवरून घसरली असती आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले असते. सगळंच इंजिन गेलं असतं. त्यांनी चेन, पट्ट्या, टेन्शनर, सगळं नवीन घातलं. किल्ली हातात देताना बजावलं, “आठवड्यातून एकदा लांब न्या गाडी. तासभर तरी.”

लांब कुठे न्यायची, हा प्रश्नच होता. मनमाडच्या रस्त्याला मन होईना. मग एका रविवारी वणीच्या रस्त्याला लागले. देवीच्या गडापर्यंत जायचं म्हणून निघाले होते, पण दिंडोरीच्या पुढे एका टपरीवर थांबले. शेजारी द्राक्षांच्या पेट्या लावल्या होत्या. टपरीवरच्या बाईने विचारलं, “किती माणसं घरात?” मी उत्तर न देता एक पूर्ण पेटी घेतली. गडावर गेलेच नाही, तिथूनच वळले.

घरी आल्यावर अर्धी द्राक्षं परातीत काढली आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे नेली. “अगंबाई, इतकी कशाला?” म्हणत त्यांनी घेतली. दारातच आम्ही थोडं बोललो. द्राक्षं गोड आहेत का, थंडी आता कमी होईल का. आत कुकरची शिट्टी झाली. “येते हं,” म्हणून त्या परात घेऊन आत गेल्या. ती रिकामी होऊन परत येईल म्हणून मी जराशी थांबले, पण आत सगळ्यांची जेवायची गडबड होती. मग मी जिना चढून वर आले.